चावी शेजारी मिळेल

तीन वर्षं मी घरं बाहेरून वाचली.
जिन्याखालची पेटी उघडायची,
काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसायची,
आकडा टिपायचा, फोटो काढायचा.
आतून कुणी ओरडायचं, "कोण आहे?"
"मीटरवाला."
एवढ्यावर भागायचं.
मीटरवाल्याला आडनाव नसतं.

मग आपला आकडा आपणच कळवणारे मीटर आले.

आता मी मनीषनगरात, धोटेभाऊंच्या हाताखाली.
झेरॉक्सच्या दुकानात अर्धं टेबल,
एक खुर्ची, ती पार्टीसाठी.
पगार नाही. जमलं तर ब्रोकरेजमधला चौथा हिस्सा.
पहिल्याच दिवशी भाऊंनी कार्डं छापून आणली:
राज प्रॉपर्टीज. फ्लॅट, प्लॉट, रो-हाउस.
म्हटलं, भाऊ, माझं नाव राजरत्न आहे.
"माहीत आहे बे. कार्ड लहान असते न."
उकेही मावलं नाही त्यात.

शिकून राहिलो.
बिल्टअप आणि कार्पेटच्या मध्ये
एक अख्खी खोली कुठं तरी जाते.
एअरपोर्टपासून दहा मिनिटं
म्हणजे रात्री दोन वाजताची दहा मिनिटं.
पश्चिमेची बेडरूम मे महिन्यात दाखवायची नाही,
दाखवलीच तर सकाळी साडेसातला,
आणि आधी कूलरची खिडकी, मग भिंत.
बेशातल्या प्लॉटला आर.एल. आहे का,
हे पार्टीनं विचारायच्या आत चहा सांगायचा.
"खोटं बोलायचं नाही," भाऊ म्हणतात,
"फक्त आधी काय बोलायचं ते ठरवायचं."

मालकांना मात्र सगळं आधीच हवं असतं.
"पार्टी कोण आहे?"
बँकेत आहेत. नवरा-बायको, एक मुलगी.
"ते ठीक. पण आहेत कोण?"
शांत लोक आहेत, काका.
"आडनाव?"
या टोकाला मी त्यांचं आडनाव सांगतो,
त्या टोकाला थोडा वेळ नुसता पंखा ऐकू येतो.
"अरे, आमचा पुतण्या येणार आहे राहायला. आत्ताच ठरलं."
एका उन्हाळ्यात अकरा पुतणे आले नागपुरात.
एकाचंही सामान चढताना मी पाहिलं नाही.

चाव्या मात्र माझ्याजवळच असतात.
एकोणीस. दोऱ्याच्या रंगावरून ओळखायच्या.
रात्री उशाशी वाजल्या की आई अंधारात म्हणते,
"एवढाले घरं घेऊन झोपते माहं पोट्टं."

कधी पार्टी येतच नाही.
रिकाम्या हॉलमध्ये मी फोन हातात धरून उभा.
भिंतीवर कॅलेंडरएवढा चौकोन जरा पांढरा,
खिडकीखाली कूलरच्या पाण्याचा जुना ओघळ,
कुठून तरी खसाचा वास.
एकदा उगाच मोठ्यानं स्वतःचं नाव घेतलं.
घरानं ते सगळंच्या सगळं परत दिलं.

पहिला सौदा त्रिमूर्तीनगरात झाला.
दुसरा मजला, लांजेवारबाई, टपाल खात्यातून रिटायर.
चौदा हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट,
अकरा महिन्यांचा करारनामा.
पार्टी तीच, बँकवाली. पुतण्या नव्हता इथं.
धोटेभाऊ वर्ध्याला लग्नात अडकले,
म्हणून दुसरा साक्षीदार मी.
तिथं रेघ लांब असते आणि खाली लिहिलेलं असतं:
पूर्ण नाव.
राजरत्न देविदास उके, मी लिहिलं,
जरा जास्तच दाबून, खालच्या कागदावर उमटलं.
लांजेवारबाईंनी चष्मा वर करून वाचलं.
परत वाचलं.
पंखा चालू होता.
मग म्हणाल्या, "मीटरचं रीडिंग टाकायचं राहिलं."

खाली गेलो. इथं अजून जुनाच मीटर,
काचेवर तीच धूळ, तोच माझा अंगठा.
जिन्याच्या वरच्या पायरीवरून
नव्या भाडेकरूंची मुलगी वाकून विचारते,
"कोण आहे?"
थांब, म्हटलं, सांगतो.
आधी आकडा लिहू दे.